ठकूआत्याला न सांगितलेला आकडा

मार्गशीर्षातली सकाळ होती. ज्वारीच्या पाहणीसाठी मी शिवारात उभा होतो, दफ्तर बांधावर ठेवलेलं, आणि गावाकडून कोतवाल चालत आला. धावत नव्हता, म्हणून मला वाटलं काही किरकोळ असेल. जवळ येऊन म्हणाला, "आप्पा, ठकूआत्या गेली." आणि मग त्यानं शेजारच्या कणसाला हात लावला, म्हणाला, "औंदा दाना बरा भरलाय." मी हो म्हणालो. तेवढंच. राहिलेल्या चार शेतांची पाहणी मी त्याच दिवशी पुरी केली. गावचा पटवारी असल्यामुळे जन्ममरणाची नोंद माझ्याच हातची असते. घरी आल्यावर रकाने भरले: नाव, ठकूबाई, जात, धनगर, वय, अंदाजे पंचावन्न, कारण, ताप. शाई वाळेपर्यंत बसून राहिलो... आणि मनात आलं, की या बाईच्या हक्काची एक नोंद गेली नऊ वर्षं माझ्या घरात पडून आहे, ती मी तिला दाखवली नाही. आता दाखवता यायची नाही.

याला सहा आठवडे झाले. मेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहिण्याची रीत आहे. ठकूआत्याबद्दल चांगलं लिहायला मला जड जाणार नाही, पण तिच्याबद्दल लिहायचं तर मधे मधे मी येतो, आणि तिथं चांगलं काही नाही. वाचकांनी एवढं धरून चालावं.

आमचं गाव सिरसाळ्यापासून तीन कोसांवर. ठकूबाई इथलीच लेक. लग्न होऊन गेली, चार वर्षांत नवरा वारला, आणि ती भावाकडे परत आली. गावात राहिलेली लेक म्हणून आधी भावाची पोरं तिला आत्या म्हणायची, मग आळीतली, मग सगळं गावच. भाऊ म्हाळू मेंढरं राखायचा, भावजय सोनाबाई घर बघायची, आणि आत्या नारू काढायची. ज्यांच्या गावी नारू नाही त्यांच्यासाठी सांगतो. चैत्र-वैशाखात पायाला, बहुतेक घोट्यापाशी, फोड येतो, निखारा ठेवल्यासारखी आग होते, आणि फोड फुटला की आतून सुतासारखा लांब जंत डोकं काढतो. तो ओढायचा नसतो. काडीला गुंडाळायचा, रोज बोटभर, त्यापेक्षा जास्त नाही. घाई केली की तुटतो, आणि आत राहिलेला पाय कुजवतो. हातभर नारू निघायला वीस-पंचवीस दिवस लागतात, आणि तेवढे दिवस माणूस जागचा हलत नाही. ऐन मशागतीच्या दिवसांत घरटी एक माणूस ओट्यावर पाय लांब करून बसलेला, हे आमच्याकडचं नेहमीचं दृश्य. आत्या सकाळी घरोघर फिरायची, मांडी घालून बसायची, पाय मांडीवर घ्यायची, आणि बोटभर नारू गुंडाळून उठायची. कुणी म्हणालं, "आत्या, आज जरा जास्त वढ की, कामं खोळंबली हायती," तर म्हणायची, "तुझं काम खोळंबलंय बाबा, नारूचं न्हाई. त्यो त्येच्या चालीनंच निघनार."

मला लहानपणापासून मोजायची सवय. सरकारनं मागितलं नव्हतं तरी नारूचीही एक वही मी ठेवली होती. पाहणीला फिरताना कोणत्या घरात कुणाला नारू झाला हे नावानिशी लिहायचो. उपयोग काही नव्हता. लिहिलं की बरं वाटायचं, एवढंच. मानमोडीच्या तापाच्या साथीत मात्र हे बरं वाटणं संपलं. त्या दोन महिन्यांत मी मरणाच्या वहीत इतकी नावं लिहिली की शेवटी शेवटी आडनावं लिहायचं सोडलं. त्याच्या आधी प्लेगात गाव तीनदा रानात झोपड्या बांधून राहिलं होतं. पाऊस धड नव्हता. तिकडे जर्मनीची लढाई संपल्याचं कुणी सांगितलं, तर आमच्याकडे त्यानं मिठाचा भावही हलला नाही. मी चाळिशीला आलेला माणूस. त्या साली माझ्या मनानं घेतलं की जगात दुःखाचा ढीग आहे आणि आपल्या हातात चमचा आहे. हे मी लोकांना बोलूनही दाखवायचो, शहाणपण म्हणून.

त्याच्या पुढच्या साली चैत्र लागायच्या आधीच म्हाळूला नारू झाला, आणि बहीण दुसऱ्या वस्तीवर गेलेली असताना त्यानं तो स्वतःच ओढला. तुटला. पाय मांडीपर्यंत सुजला. आत्यानं त्याला बैलगाडीत घालून मोमिनाबादेस, म्हणजे आपल्या आंबेजोगाईस, दवाखान्यात नेलं. म्हाळू वाचला, लंगडा झाला. पण तिथल्या डॉक्टरांनी आत्याला एक गोष्ट दाखवली. तिथल्याच एका बारवेचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उन्हापुढे धरलं. पाण्यात बारीक ठिपके उड्या मारत होते. डॉक्टर म्हणाले, नारूवाला माणूस पाण्यात पाय घालतो तेव्हा नारूचं बी पाण्यात जातं, हे किडे ते खातात, आणि आपण किडे पितो. आज प्यालं की वर्षानं पायातून निघतं. दुपदरी कापडातून पाणी गाळा, आणि फुटलेला पाय पाण्यात घालू नका.

ती परत आली ती थेट बारवेवर. आमची बारव जुनी, दगडी, खाली उतरायला सत्तावीस पायऱ्या. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बायका शेवटच्या पायऱ्यांवर घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागरी बुडवतात. नारूवाली माणसं तर मुद्दाम पाय बुडवून बसायची. आगीला तेवढाच थंडावा. आत्या मांजरपाटाचा दुपदरी तुकडा घेऊन पायरीवर उभी राहू लागली. वर येणाऱ्या प्रत्येकीची घागर थांबवायची, रिकाम्या घागरीच्या तोंडावर कापड धरायचं, पाणी गाळून द्यायचं. आधी थट्टा झाली. "आत्या, किड्यांची सासू झालीस काय गं?" "माज्या घागरीतलं किडं तुला आंदन दिलं, जा." ती म्हणायची, "दे की, कोंबडीला घालते." विधवेच्या हातचं कापड नको म्हणणाऱ्याही होत्या, त्यांना ती म्हणाली, आपापलं आणा, माझ्या कापडाला काय सोनं लागलंय? हळूहळू बायका आपापलं कापड आणू लागल्या. फुटलेला पाय घेऊन उतरणाऱ्याला ती पायरीवरच अडवायची आणि त्याच्या पायावर वरून लोटकंभर पाणी ओतायची. चैत्र-वैशाखात, मी वहीवरून सांगतो, गावातली चार हिश्श्यांतली तीन घरं गाळून पीत होती. माझं घरही. माझी पत्नी सोवळ्याचा वेगळा तुकडा वापरायची, पण गाळायची.

एकदा आत्या माझ्या ओसरीवर आली आणि म्हणाली, "आप्पा, तुमच्या वहीत महारवाड्यातले नारू किती?" मी बघितलं. पाच वर्षांत चार. "बारवंत त्यास्नी तुमी उतरू देत न्हाई. ते वढ्यात झिरा खांदून पानी भरत्यात. वाळूतनं आलेलं पानी. बगा, तुमीच बगा." ज्यांना आम्ही आमच्या पाण्यापासून दूर ठेवत होतो ते त्याच्यामुळेच वाचत होते, हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं आणि मला दिसलं नव्हतं. मी म्हणालो, "योगायोग असेल." का म्हणालो? तिनं माझ्या वहीतून माझ्याआधी काही वाचलं, हे मला सोसलं नाही.

आषाढात तिनं पाटलांकडे मागणं घातलं. बारवेच्या खालच्या पायऱ्या दगडांनी बंद कराव्यात, वर लाकडी चाक बसवावं, दोरानं पाणी ओढावं. म्हणजे पाण्यात पायच जाणार नाही. दगड मेंढ्यांच्या वाटेवर पडलेत, ती आणून देईल. गावानं दहा दिवस हात लावावा. चावडीपुढे सगळे जमले. पाटील म्हणाले, "काम करू. पर गाळून काय फरक पडला त्ये आधी बघा. आप्पा, तुमची वही काय म्हनते?"

वही मी बरोबरच आणली होती. उभा राहिलो आणि वाचलं: मागल्या साली नारू एकसष्ट. औंदा, गाळून, चौसष्ट.

कुणीतरी मागून ओरडलं, "गाळून तीन वाढले बे!" आणि चावडी हसली. आत्या उभी राहिली. "आप्पा, औंदाचा नारू मागल्या सालच्या पान्याचा हाय. डाक्टरनं सांगितलंय. औंदाच्या पान्याचं पुडल्या सालाला दिसंल. पेरल्या दिवशी कनीस मोजताव का तुमी?" लोक पुन्हा हसले, आता माझ्यावर. मला ते लागलं. मी म्हणालो, "ठकूबाई, आकडा खोटं बोलत नाही. प्लेग आला, मानमोडी आली, तेव्हा कोणतं कापड धरलं होतं? गावात रोग शंभर आहेत. काय काय गाळाल?" बोलणं नेटकं होतं. लोकांना पटलं. दगड आणायचं राहिलं. पावसानं जोर धरला, बारव भरली, आणि गाळणं सुटलं. घरी येऊन पत्नीला मीच म्हणालो, "आता कशाला हात दुखवतेस?" तिनं तुकडा धुऊन घडी करून ठेवून दिला.

पुढचा उन्हाळा आला. आत्या पायरीवर एकटी उभी असायची. तिच्याच आळीतली दहा-बारा घरं तेवढी थांबायची. मी सवयीप्रमाणे वही घेऊन फिरलो. वैशाखात मोजलं. एकोणीस. मला वाटलं चुकलं. वाड्या-वस्त्यांसह पुन्हा फिरलो, तीन दिवस. एकोणीसच. चौसष्टाचे एकोणीस. जेवायला बसलो होतो, आणि ताटावरच मला कळलं की ती म्हणाली होती ते अक्षरशः खरं होतं. मी चुकीच्या सालाचं पीक मोजलं होतं. आकडा खोटं बोलत नव्हता. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता, तोही सगळ्या गावादेखत.

आता करायचं काय होतं? उठून चावडीत जायचं आणि एक वाक्य बोलायचं. उन्हाळ्याचे काही आठवडे हातात होते. मी गेलो नाही. आज जातो, उद्या जातो असं चाललं. मनाशी म्हणालो, मागल्या साली पाऊस बरा झाला म्हणून कमी असतील; एका सालावरून काय ठरवायचं. चौसष्ट वाचताना हे सुचलं नव्हतं. घरात पुन्हा गाळा म्हणालो असतो तर पत्नीनं कारण विचारलं असतं, आणि चार बायकांत ते गेलं असतं. म्हणून घरातही बोललो नाही. माझी मुलं ते पाणी पीत होती, आणि मला माहीत होतं.

त्याच दिवसांत आत्या ओसरीच्या पायरीशी येऊन बसली. उभं राहून पाय दुखले होते, ते दाबत म्हणाली, "आप्पा, माज्याकडं औंदा नारूवाले लई कमी आले. रुसले जनू. न्हाव्याकडनं काढून घेत आसतील. तुमच्या वहीत किती म्हनते?"

वही माझ्या मांडीवर होती. मी म्हणालो, "साठाच्या आसपास."

मी तीस वर्षं दफ्तर सांभाळतो आहे. जाणूनबुजून सांगितलेला खोटा आकडा माझ्या हयातीत हा एकच. ती म्हणाली, "असू द्या. पुडल्या सालाला बगू." आणि उठून बारवेकडे गेली, कारण बायकांची पाण्याची वेळ झाली होती... ती जाताना मी पाहत होतो. हाक मारायला पुरेसा वेळ होता. अंगण मोठं आहे आमचं.

त्याच्या पुढच्या साली नारू अठ्ठावन्न. त्यातली एक माझी गोदू, दहा वर्षांची. डाव्या घोट्याला फोड आला तेव्हा पत्नीनं मला न विचारता आत्याला बोलावणं पाठवलं. ती आली. तेवीस दिवस रोज सकाळी आली. गोदू रडायची; आत्या तिला मेंढ्यांची नावं सांगायची, आणि ती नावं गावातल्या माणसांची असायची. "ह्यो बोकड पाटील. सारका शिंगं उगारतो, पर कुत्रं बगितलं की म्हागं." गोदू रडता रडता हसायची. मी खांबाला टेकून उभा असायचो. रोज काडीवर बोटभर. दहाव्या-अकराव्या दिवशी मला राहवेना; सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, आणि भलतंच विचारलं. म्हणालो, "ठकूबाई, फरक पडत नाही, लोक हसतात, तरी तुम्ही रोज उभ्या राहता. उमेद आणता कुठून?"

तिनं वर पाहिलं नाही. "उमेद लई मोठ्या मान्साची गोष्ट झाली, आप्पा. मला सकाळी उटल्यावर घागरी दिसत्यात. समद्या जगाचं म्या कुटं म्हनलं? तुमीच म्हनलाव." मग गोदूला म्हणाली, "हलू नगंस गं बया, आजचं झालंच."

एवढंच बोलली. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तेवीस दिवस मी रोज ठरवलं आणि तेवीस दिवस गप्प बसलो. शेवटच्या दिवशी नारू अखंड निघाला तेव्हा तिनं काडी गोदूला दाखवली, चुलीत टाकली, आणि हात धुऊन निघाली. पत्नीनं शिधा दिला. मी काही दिलं नाही. जे द्यायचं होतं ते शिध्यात बसणारं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या घरात पाणी गाळतात. कारण पत्नीनं विचारलं नाही. तिला काय कळलं असेल ते मीही कधी विचारलं नाही.

त्यानंतर सात वर्षं आत्या उभी राहिली. नारू चाळीस-पन्नासात राहिला. तिच्या आळीत मात्र दोन-तीनच, आणि लोक म्हणत, धनगरआळीला देवीची मेहेर आहे. मी लिहीत राहिलो. मला पन्नाशी आली तरी आम्ही पाण्यावर, पावसावर, पोरांवरच बोलत होतो. तिला माझा राग नव्हता, आणि ते मला दरवेळी नव्यानं कळायचं. मी लोकांना सांगत असे की जगाचा पसारा पाहून माझी उमेद गेली. ते खरं नव्हतं. माझ्यापाशी उमेदीचा पुरावा होता, लिहून ठेवलेला, आणि तो दाबून मी वर तोंड करून उदास हिंडत होतो. तिला पुरावा नव्हता. माझ्यामुळे नव्हता.

दहावं-बारावं झाल्यावर मी सोनाबाईकडे गेलो. म्हाळू दारात लंगडा पाय पसरून लोकर पिंजत होता. मी वही उघडून सगळं सांगितलं: एकसष्ट, चौसष्ट, एकोणीस, अठ्ठावन्न, आणि मी काय बोललो होतो ते. सोनाबाईला अक्षर येत नाही, पण तिनं एकोणीसवर बोट ठेवायला लावलं आणि ते बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "तवाच कावून न्हाई सांगितलं?"

मी म्हणालो, "लाज वाटली."

"तिला एक दिवस तरी बरं वाटलं आसतं की वो, आप्पा." तिनं डोळ्याला पदर लावला, मग कडक आवाजात म्हणाली, "मला कशाला सांगताव? चावडीत बोलला व्हताव, चावडीत बोला."

मी गेलो. माणसं होती, पाटील होते, आता म्हातारे. मी उभा राहून वाचलं. या वेळी हसलं कुणी नाही. पाटील बराच वेळ सुपारी चघळत राहिले आणि म्हणाले, "नऊ वरसं दडवलंस बे? आमी तर अडानी, हसलो. तू तर लिहित व्हतास." एरवी ते मला अहो-जाहो करतात. मग तिच्या आळीतला एक तरुण माणूस म्हणाला, "आप्पा, चौसष्टाचे एकोनीस मंजी पंचेचाळीस वाचले. कोन वाचले त्यांची नावं वाचा की." मी वही चाळली, उगाच. नारू झालेल्यांची नावं होती. न झालेल्यांची कुठून असणार? दगड आणायचं मात्र त्याच बैठकीत ठरलं. हे लिहीपर्यंत चौदा गाड्या आल्या आहेत. चाकाचं लाकूड अजून आलेलं नाही.

तोवर सोनाबाई सकाळी कापड घेऊन पायरीवर उभी राहते, आणि दुसरं टोक मी धरतो. पटवाऱ्यानं बायकांच्या पाणवठ्यावर उभं राहण्यावरून बोलणी होतात, होऊ द्यावीत. माझं लक्ष मात्र घागरीवर राहत नाही. पायऱ्यांवरून पाय उतरतात, चढतात, जोडवी घातलेले, भेगा पडलेले, तरण्या सुनांचे, म्हाताऱ्यांचे. त्या एका उन्हाळ्याचे पंचेचाळीस पाय यांतच कुठेतरी आहेत. ते लंगडत नाहीत, त्यांच्यावर वण नाही, आणि त्यांनाही ते ठाऊक नाही. मी एकेका घोट्याकडे बघत राहतो, हा असेल का, हा असेल का...

"आप्पा," सोनाबाई म्हणते, "खाली काय बगताव? कापड ढिलं पडलंय. घट्ट धरा."